बँड फुटला, नाव कोणाचे?

मे महिन्यातला अकोला ज्याने अनुभवला आहे त्याला पहाटेची किंमत वेगळी सांगायला नको. दिवसभरात माणसाने माणसाशी शांतपणे बोलावे अशी तेवढीच वेळ असते. २०२५ च्या मे महिन्यात अशाच एका पहाटे माझा भाचा अंबा एक्स्प्रेसने मुंबईहून अकोल्याला उतरला आणि अमरावतीला आपल्या घरी न जाता थेट माझ्याकडे आला. वय बावीस. अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष. अंगात कवट्यांचे चित्र असलेला काळा टी-शर्ट, आणि घसा इतका बसलेला की पहिला चहा पोटात जाईपर्यंत तो खुणेनेच बोलत होता. ‘हे असलं घालून देवघराकडे फिरकू नकोस,’ असे त्याच्या मामीने बजावले आणि लगेच पोह्यांची तयारीही सुरू केली.

१७ मे रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘गन्स अँड रोझेस’ या अमेरिकन बँडचा कार्यक्रम झाला. त्यासाठी हा गडी वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवत होता. कार्यक्रम कसा झाला, असे मी विचारले. त्याने मान डोलावली, पण त्या डोलावण्यात आनंद दिसेना. पोहे संपले तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली.

अमरावतीच्या चार मुलांनी मिळून तीन वर्षांपूर्वी एक बँड काढला होता. सराव माझ्या बहिणीच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत. शेजाऱ्यांच्या तक्रारी, परीक्षा, वीज जाणे, या सगळ्यांतून त्यांनी सात-आठ स्वतःची गाणी बसवली. कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत नाव झाले. मग चारातल्या दोघांना पुण्यात नोकऱ्या लागल्या. ते गेले, तिथे त्यांनी आणखी दोन मुले जमवली आणि तोच बँड, त्याच नावाने, पुण्यात वाजू लागला. इकडे अमरावतीत उरलेल्या दोघांनीही दोन नवी मुले घेतली होती. आता एका नावाचे दोन बँड झाले. गाणी बहुतेक गेलेल्यांनी लिहिलेली. नाव सुचवलेले माझ्या भाच्याने. चार जिवलग मित्रांचे एकमेकांशी बोलणे बंद.

‘मामा, तुम्ही बँकेत होता,’ तो म्हणाला, ‘नाव कोणाचं, ते सांगा.’

मला हसू आले. चौतीस वर्षे मी ‘नाव कोणाचे’ याच प्रश्नाचा पगार घेतला. खाते कोणाच्या नावावर, शेत कोणाच्या नावावर, कर्ज कोणाच्या नावावर. पण हेवी मेटल बँडच्या नावाची फाईल माझ्या टेबलावर कधी आली नव्हती. ती आता आली, आणि मी ती नीट वाचायचे ठरवले. वाचता वाचता लक्षात आले की प्रश्न चार पोरांच्या भांडणाहून बराच मोठा आहे.

ज्या वाचकांच्या घरात हा प्रकार वाजत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हेवी मेटल म्हणजे विजेच्या गिटारचा आवाज मुद्दाम फाडून, ढोलांच्या कडकडाटावर चालवलेले गाणे. आपल्या कानांना तो गोंगाट वाटतो. पण श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन येणाऱ्या कावडींपुढचे ढोल ज्याने राजराजेश्वराच्या दारी उभे राहून ऐकले आहेत, त्याने फार नाक मुरडू नये. छातीच्या पिंजऱ्यात ठोका बसला पाहिजे, ही भूक दोन्हीकडे सारखीच आहे.

आता ज्या बँडसाठी भाचा मुंबईला गेला त्याचीच गोष्ट घ्या. ‘गन्स अँड रोझेस’ हा हार्ड रॉक आणि हेवी मेटल यांच्या सीमेवरचा बँड १९८५ साली लॉस एंजेलिसला सुरू झाला. त्याचे नाव दोन माणसांवरून पडले: ट्रेसी गन्स आणि ॲक्सल रोझ. त्यातले ‘गन्स’ काही महिन्यांतच बाहेर पडले! म्हणजे ज्याचे नाव पाटीवर आधी आहे तो भागीदार पहिल्या वर्षीच गेला आणि पाटी मात्र चाळीस वर्षे तशीच राहिली. आपल्याकडे ‘अमुक आणि तमुक, कापडाचे व्यापारी’ अशा दुकानांत अमुक कधीचे वारलेले आणि तमुकांचे नातू गल्ल्यावर बसलेले असतात, तसेच हे.

१९८७ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली, ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’. ती पाच जणांनी वाजवली: गायक ॲक्सल रोझ, गिटारवर स्लॅश आणि इझी स्ट्रॅडलिन, बेसवर डफ मॅकेगन, ड्रमवर स्टीव्हन ॲडलर. ती जगभर अफाट खपली. त्यानंतर काय झाले ते वहीतल्या नोंदींसारखेच वाचा. १९९० साली ॲडलरला काढले. १९९१ साली एकाच दिवशी दोन मोठे अल्बम बाजारात आले आणि त्याच वर्षी इझी सोडून गेला. १९९६ साली स्लॅश गेला, १९९७ साली डफ. मधल्या काळात झालेल्या करारांनी नावाचा हक्क ॲक्सल रोझकडे आला होता, त्यामुळे तो एकटा उरला तरी पाटी त्याच्याच हातात राहिली. नवी माणसे घेऊन त्याने एका अल्बमवर काम चालू ठेवले. तो इतका लांबला की बाहेर पडायला २००८ साल उजाडले.

डिसेंबर २०१२ मध्ये हा बँड पहिल्यांदा भारतात आला, मुंबईतही वाजला. त्या दिवशी मंचावर मूळ पाचांपैकी फक्त ॲक्सल रोझ होता. पुढे २०१६ साली स्लॅश आणि डफ परत आले. मे २०२५ मध्ये महालक्ष्मीला वाजले ते या तिघांसह, आणि ड्रमवरचा माणूस तर अवघ्या दोन महिन्यांपूर्वी घेतलेला. एकच नाव, एकच शहर, साडेबारा वर्षांच्या अंतराने दोन कार्यक्रम, आणि मंचावरची माणसे निराळी. २०१२ साली ज्यांनी तिकीट काढले त्यांनी ‘गन्स अँड रोझेस’ पाहिला की नाही? तिकिटावर तर तेच छापले होते.

भाच्याला हे सगळे तोंडपाठ होते. त्याला त्याच्या उलटी बाजूही ठाऊक होती. ‘मेटॅलिका’ हा या पंथातला सर्वांत मोठा बँड. १९८१ साली लॉस एंजेलिसलाच सुरू झालेला. एप्रिल १९८३ मध्ये त्यांनी डेव्ह मस्टेन नावाच्या गिटारवाल्याला पिण्यावरून आणि भांडणांवरून काढून टाकले, आणि न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या बसमध्ये बसवून दिले. अमेरिका आडवी ओलांडायची, तीही अपमान गिळत! दुसरा एखादा ‘मेटॅलिका माझीच’ म्हणून दावे लावत बसला असता. मस्टेनने त्याच वर्षी स्वतःचा बँड काढला, ‘मेगाडेथ’. तोही जगप्रसिद्ध झाला. त्यात इतकी माणसे आली-गेली की भाच्यालाही मोजताना बोटे अपुरी पडली. पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत कायम एकच, स्वतः मस्टेन. हाताच्या दुखापतीने २००२ साली त्याने बँड मोडला. बरा झाल्यावर २००४ चा अल्बम त्याला स्वतःच्या नावावर काढायचा होता. पण कंपनीशी झालेला जुना करार आडवा आला आणि तो ‘मेगाडेथ’च्याच नावाने काढावा लागला. नाव आपले असते तसे आपणही नावाचे असतो, हे मी कर्जदारांना नेहमी सांगत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये या मस्टेनने शेवटचा अल्बम आणि निरोपाचा दौरा जाहीर केला.

मेटॅलिकाच्या वाट्याला दुसरे दुःख आले. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये त्यांची बस उलटली आणि बेस वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. वय चोवीस. त्याच्या जागी दुसरा आला, जेसन न्यूस्टेड. १९८८ साली त्याच्यासह पहिला पूर्ण अल्बम निघाला तर त्यात नव्या माणसाचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. भाच्याने मला तो मोबाइलवर ऐकवला. खरोखर, गिटार आहे, ढोल आहे, आणि जिथे बेस असायचा तिथे पोकळी. जाणकार त्याची तांत्रिक कारणे देतात. मला मात्र कर्ता मुलगा गेलेल्या घरातले जेवणाचे पान आठवले. पाट मांडलेला असतो, नवा माणूस त्यावर बसतोही, पण घरच्यांच्या डोळ्यांना तो दिसत नाही.

हे झाले दूरचे. पण असा प्रकार आपल्या मुंबईतही घडला आहे आणि मी तो काही अंशी पाहिला आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझी बदली मुंबईच्या फोर्ट भागात होती. ऱ्हिदम हाऊसच्या काचेत तेव्हा ‘रॉक मशीन’ नावाच्या मुंबईकर बँडची कॅसेट झळकत असे. १९८४ साली सुरू झालेला हा बँड. गिटारवर महेश तिनईकर, गायक उदय बेनेगल, की-बोर्डवर झुबिन बालापोरिया. (हे आडनाव वाचून मला आपले बाळापूर आठवले होते, एवढेच.) १९८८ आणि १९९० साली त्यांचे दोन अल्बम आले. इंग्रजीत गाणारी, पण स्वतःची गाणी करणारी ही मुले. १९९३ साली त्यांनी एक धाडस केले. चांगले चालते नाव टाकून दिले आणि ‘इंडस क्रीड’ असे नवे नाव घेतले. माणसे बहुतेक तीच, नाव नवे! १९९७ साली बँड थांबला. २०१० साली पुन्हा उभा राहिला तेव्हा तिनईकर, बेनेगल आणि बालापोरिया हे तिघे जुने होते, बेस आणि ड्रमवर दोन तरुण होते. २०१२ साली त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ अल्बम निघाला. त्यांच्या चाहत्यांना पहिल्या नावाची हुरहूर लागली असेल. पण ‘हा आमचा बँड नव्हे’ असे म्हणायची वेळ आली नाही, कारण गाणे पुढे चालू होते.

अस्सल हेवी मेटलच हवे असेल तर मुंबईचाच ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ घ्या. २००० साली साहिल मखिजा या तरुणाने काढला. सोबतचे बदलत गेले. तो एकटा कायम. २०१४ साली हा बँड जर्मनीत वाकन गावच्या महोत्सवात वाजला. मेटलवाल्यांची ती पंढरी. २०१७ साली त्यांचा एक अल्बम आला, नाव ‘दशावतार’. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक गाणे, तेही त्या फाटक्या, गर्जणाऱ्या आवाजात. बायकोला मी हे सांगितले तेव्हा कवट्यांच्या टी-शर्टबद्दलचा तिचा राग थोडा निवळला. ज्या बँडमध्ये एक सोडून सगळी माणसे बदलत आली, त्याला दहा रूपांची कथा आपली वाटावी यात मला नवल वाटत नाही.

आता वाचक म्हणतील, हे सगळे इंग्रजी खूळ. आपला याच्याशी काय संबंध? संबंध फार जुना आहे. आपल्या संगीत नाटक मंडळ्या आठवा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. १८८५ साली अण्णासाहेब गेले, मंडळी चालू राहिली. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे तिच्यातून बाहेर पडले. त्यांनी ‘आम्हीच खरी किर्लोस्कर’ अशी पाटी लावली नाही. ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली. पुढे टेंबे तिच्यातूनही निघाले. १९१८ साली दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी किर्लोस्कर सोडली, तेव्हा ‘बळवंत संगीत मंडळी’ उभी राहिली. फूट पडली, मने दुखावली, पण मराठी माणसाच्या पदरात एकाऐवजी तीन मंडळ्या पडल्या.

याची दुसरी तऱ्हा ‘ललितकलादर्श’ची. १९०८ साली केशवराव भोसल्यांनी काढलेली ही मंडळी. १९२१ साली केशवराव ऐन उमेदीत गेले. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली. १९३७ साली तेही गेले, पुढे भालचंद्र पेंढारकरांनी ती पुन्हा उभी केली. भाच्याच्या भाषेत सांगायचे तर दोनदा ‘लीड सिंगर’ गेला, आणि नाव शंभरी ओलांडून गेले. आपल्या अमरावतीचे वीर वामनराव जोशी या दोन्ही तऱ्हांना पुरून उरले: त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्शने केले आणि ‘रणदुंदुभि’ बळवंतने. नाटककाराला मंडळीच्या पाटीपेक्षा मंचावर कोण गातो याची काळजी अधिक असणार.

मग कायदा काय म्हणतो? तो मला भाच्याला सांगायचाच होता. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा आजही लागू आहे. त्यानुसार व्यवसायाची पत, ज्याला आपण गुडविल म्हणतो, ती एका भागीदाराची नसून पेढीची मालमत्ता असते. जो भागीदार बाहेर पडतो त्याला तसाच धंदा शेजारी काढायची मुभा आहे. पण वेगळा करार नसेल तर पेढीचे नाव मात्र त्याला वापरता येत नाही. एवढ्यावर भाचा उसळून उठला, ‘म्हणजे नाव आमचं!’ मी त्याला खाली बसवले. भागीदारी म्हणजे नफा वाटून घेण्याचा करार. तुमचा नफा किती? तीन वर्षांत मिळालेले मानधन गिटारच्या तारा आणि टेम्पोभाडे यांतच संपलेले. नफा नाही, कागद नाही, तर पेढी कुठली? आणि गाणी ज्यांनी रचली त्यांचा गाण्यांवरचा हक्क हा निराळाच कायदा. तो नावाबरोबर इकडे येत नाही. म्हणजे पाटी तुमच्याकडे राहिली तरी वाजवायचे काय?

तो गप्प झाला. मग मी त्याला, जी गोष्ट मी आजवर कोणाला फारशी सांगितलेली नाही, ती सांगितली.

नव्वदच्या दशकात मी वऱ्हाडातल्याच एका शाखेत अधिकारी होतो. बँकेचे आणि गावाचे नाव इथे नको. लग्नात वाजवणाऱ्या एका बँड पार्टीचे आमच्याकडे कर्जखाते होते. तीन भागीदार. वाद्ये आणि पोशाख तारण. तिघांतला एक क्लॅरिनेट वाजवायचा. वरातीत लोक त्यालाच फर्माईश करत. ऐन वैशाखात तो एका रात्रीत गेला. वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते, हा कायदा. आणि उचल असलेले खाते तसेच चालू ठेवले तर पुढे भरलेले पैसे जुन्या कर्जात वळते होतात, मृताच्या वारसांवरची बँकेची वसुली ढिली पडते, हा बँकेचा सावधपणा. त्यांच्या करारपत्रात मृत्यूबद्दल एक ओळ नव्हती. मी नियमाप्रमाणे खाते थांबवले. नव्या खात्याचे कागद व्हायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत त्यांच्या लग्नाच्या सुपाऱ्या होत्या, माणसांचे पगार द्यायचे होते, आणि हातात पैसा नव्हता.

एका संध्याकाळी मी शाखेतून घरी निघालो तर समोरून वरात येत होती. तोच बँड. पुढे ट्रम्पेट, मागे ढोल, आणि मधल्या रांगेत बापाचा लाल कोट घातलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, हातात बापाची क्लॅरिनेट. त्याने ती ओठांना लावली होती, बोटेही हलत होती, पण आवाज येत नव्हता. त्याला वाजवताच येत नव्हते. उरलेल्या दोघांनी त्याला फक्त उभा केला होता, कारण सुपारी घेताना क्लॅरिनेट आहे असे सांगितलेले होते, आणि बापाचा हिस्सा घरी पोचायचा होता. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. त्यांच्यातल्या ढोलवाल्याने मला पाहिले आणि मान लववली. दुसऱ्या दिवशी तो शाखेत आला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘साहेब, तुम्ही कायदा पाह्यला, तुमचं बराबर हाय. आमी पोराले पाह्यलं. दोन वर्सात वाजवते थो.’

दोन वर्षांनी तो खरेच वाजवू लागला. मी कायद्याने चुकलो नव्हतो. पण नियमात बसवून ते काम तीन दिवसांत करता आले असते, आणि मी ते तीन आठवडे फाईलमध्ये ठेवले, ही खंत निवृत्तीनंतरही गेली नाही. नाव टिकते ते कोणत्या बळावर, हे मला त्या ढोलवाल्याने शिकवले. नाव टिकते ते गेलेल्याची जागा भरून निघेपर्यंत कोणीतरी ती जागा धरून ठेवतो म्हणून.

या गोष्टीतली दुसरी खंत अशी की त्या क्लॅरिनेटवाल्याचा एकही सूर आज कुठे ऐकायला मिळत नाही. हजार वराती त्याने पुढे नेल्या; मुद्रण एकाचेही नाही. बालगंधर्वांच्या तबकड्या आहेत म्हणून गंधर्व मंडळीचा कलह आपण विसरलो आणि गाणे लक्षात ठेवले. १९८७ ची ती अमेरिकन ध्वनिमुद्रिका आहे म्हणून ते पाच जण पुढे एकमेकांची तोंडे पाहीनासे झाले तरी तिच्यात आजही एकत्र आहेत. ध्वनिमुद्रिका ही त्या दिवसाची हजेरी असते. म्हणूनच तिच्यात खाडाखोड करू नये. इंग्लंडच्या ऑझी ऑस्बोर्नच्या पहिल्या दोन अल्बमांच्या बाबतीत तेही घडले. जुन्या साथीदारांशी पैशांचा वाद झाला, तेव्हा २००२ च्या आवृत्तीत त्यांचे बेस आणि ड्रम पुसून तिथे दुसऱ्यांकडून वाजवून घेतले गेले. चाहते इतके चिडले की २०११ साली मूळ वादन परत आणावे लागले. आमच्या लेजरमध्ये चुकीची नोंदसुद्धा खोडरबराने पुसत नसत. लाल शाईने उलट नोंद करत. झालेले झाले म्हणून दिसले पाहिजे.

आता आपल्या वऱ्हाडाचे पाहा. अमरावती आणि अकोल्यात गाणाऱ्या, वाजवणाऱ्या मुलांची वाण नाही. वाण आहे ती एकत्र राहण्याची. अमेरिकेत बँड फुटतात ते दारूने, पैशाने, अहंकाराने. आपल्याकडे बँड फुटतो तो पुण्याच्या नोकरीने. चार मुलांनी पाच वर्षे एका गावात राहावे एवढे काम आपल्या गावांत नाही, मग ते हेवी मेटल असो, नाटकाचा संच असो की क्रिकेटचा चमू. माझ्या भाच्याच्या मित्रांनी कोणाचा विश्वासघात केला नव्हता. त्यांनी पोटापाण्याची गाडी पकडली होती. पुण्यात त्यांनी जुनेच नाव लावले ते चोरी म्हणून नव्हे. परक्या शहरात गावाकडून नेलेली तेवढी एकच वस्तू त्यांच्यापाशी होती.

आणि तरीही इथे टिकलेले काही आहे. माझे मूळ गाव दर्यापूर तालुक्यातले. तिथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतले खंजिरी भजन मंडळ आहे. लहानपणी ज्यांना ऐकले त्यांतला आज एकही नाही. पण गुरुवारी संध्याकाळी खंजिरी वाजते. तिथे नावाचे भांडण कधी झाले नाही, कारण नाव कोणा एकाचे नाहीच. गावोगाव तेच श्रीगुरुदेव सेवा मंडळ. जो मुंबई-पुण्याला गेला तो तिथल्या मंडळात जाऊन बसतो, जो गावी आला त्याच्यासाठी चटईवर जागा होते. बँड म्हणजे मोजकी माणसे. भजन म्हणजे येईल तो. दोन्हींचे नियम एक नव्हेत, हे मला कळते. पण गेलेल्यासाठी जागा ठेवणे आणि आलेल्यासाठी सरकून बसणे, एवढे तर कोणालाही उचलता येईल.

भाच्याला मी शेवटी निकाल दिला नाही. निवृत्त माणसाने निकाल देऊ नये. मी त्याला तीन वाटा सांगितल्या. एक, नाव एकाकडे ठेवा आणि तसे लिहून घ्या; मग ॲक्सल रोझसारखे एकट्याने उभे राहण्याचीही तयारी ठेवा. दोन, मस्टेनसारखे, बालगंधर्वांसारखे नवे नाव घ्या आणि कामाने ते मोठे करा. तीन, भांडण मिटो न मिटो, जी सात-आठ गाणी चौघांनी मिळून बसवली ती चौघांनी मिळून एकदा मुद्रित करा. त्यावर चारही नावे घाला. पुढे कोण कुठे गेला, याने त्या नोंदीला बाधा येणार नाही.

त्याने तिसरी वाट आधी धरली. फोन कोणी आधी केला ते त्याने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. दिवाळीला पुण्याचे दोघे बडनेऱ्याला उतरले. गच्चीवरच्या खोलीच्या खिडक्यांना बहिणीने गोधड्या बांधून दिल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तीन दिवस ती खोली हादरत होती. सहा गाणी झाली. उरलेल्यांवर पुन्हा वाद झाला. जुने नाव या मुद्रणापुरते ठेवायचे आणि पुढे दोन्हीकडच्यांनी आपापले नवे नाव शोधायचे, असे ठरले. एका कागदावर मी तसे लिहून दिले, चौघांनी सह्या केल्या, साक्षीदार म्हणून मी सही केली. कोण मरण पावल्यास काय, हे कलमही घातले. बावीस वर्षांची पोरे त्या ओळीवर खूप हसली. मी ती ओळ खोडली नाही.

ते मुद्रण माझ्या मोबाइलमध्ये आहे. खरे सांगतो, गाण्यातले शब्द मला अजून कळत नाहीत आणि दहा मिनिटांपुढे डोके दुखते. पण तिसऱ्या गाण्यात एक जागा येते. दोन्ही गिटार थांबतात आणि थोडा वेळ नुसता बेस ऐकू येतो. तो वाजवणारा मुलगा आता पुण्यात असतो. तेवढी जागा मी पुन्हा पुन्हा ऐकतो.